एक गाणं, तीन पडदे

१

बाबांच्या खोलीतला टीव्ही लावला आणि धाकटीच्या लक्षात आलं, की याला कोणीतरी हात लावलाय.

बातम्या चालू होत्या. बातम्या देणारी बाई शिडीसारखी उभट दिसत होती, तिच्या मागचा पृथ्वीचा गोल अंड्यासारखा, आणि समोर बसलेले एरवी चांगले गरगरीत असणारे अर्थतज्ज्ञ एका रात्रीत सडपातळ झालेले.

धाकटी पलंगाच्या कडेवर बसली. बाबांना जाऊन आठवडा झाला होता. ते गेले त्या संध्याकाळी दादानं टीव्हीचा प्लग काढला, दार ओढून घेतलं, ते आज तिनं उघडलं. मधल्या काळात इथे कोणी पाऊल टाकलं नव्हतं. म्हणजे पडद्यावर हे जे काय चाललं होतं, ते त्या संध्याकाळपासूनचं होतं.

बाबांचा टीव्ही जुना, पाठीमागे पोट सुटलेला. पडदा जवळजवळ चौकोनी: रुंदी चार, तर उंची तीन. आता केबलमधून येणारं चित्र लांबट असतं, सोळास नऊ. लांबट चित्र चौकोनी पडद्यावर बसवायचं तर तीनच वाटा. वर-खाली काळ्या पट्ट्या सोडायच्या, नाहीतर दोन्ही बाजू छाटायच्या, नाहीतर अख्खं चित्र दोन्हीकडून दाबून आत कोंबायचं. दाबलं की माणसं काटकुळी होतात.

हे सगळं धाकटीला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. एका वाहिनीच्या तपासणी कक्षात बसून, प्रक्षेपणाला जाणारं चित्र नीट आहे की नाही हे बघायचं, हीच तिची नोकरी. "माझी मुलगी टीव्ही बघायचा पगार घेते," असं बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. पण स्वतःच्या टीव्हीच्या बाबतीत त्यांनी तिचं कधी ऐकलं नाही. काळ्या पट्ट्या दिसल्या की म्हणत, "दाराच्या फटीतून बघायला मी काय चोर आहे?" शेवटी तिनंच हात टेकले आणि केबलच्या डब्यात जाऊन चित्राच्या बाजू छाटून टाकल्या. कडेचं दिसत नसे, पण मधली माणसं सरळ दिसत. "माणसानं मध्ये उभं राहावं," बाबा म्हणत. विषय संपला.

हे 'दाबलेलं' चित्र त्यांनी एक मिनिट खपवून घेतलं नसतं. आणि ते बदलायचं तर डब्याच्या यादीत चार पायऱ्या आत जावं लागे. झटका आल्यापासून बाबांचा उजवा हात निकामी होता. डाव्या हातानं ते वाहिनी बदलत, आवाज कमी-जास्त करत आणि उशाशी ठेवलेली घंटा वाजवत. त्यापलीकडे काही नाही.

मग हे केलं कोणी?

दारावरची बेल वाजली. बाहेर मावशी उभ्या होत्या. बाबांना सांभाळायला ब्युरोनं पाठवलेल्या, वर्षभर या घरात वावरलेल्या मावशी आज उंबऱ्याच्या बाहेरच थांबल्या होत्या.

"माझा डबा आणि घरातल्या चपला राहिल्यात, ताई. तेवढ्या द्या."

"आत या ना मावशी."

"नको. संध्याकाळी ब्युरोच्या बाई येतायत. दादांनी सकाळी फोन करून तक्रार केलीय." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "म्हणे मी आजोबांना एकटं टाकून गेले. एकटेच गेले म्हणे ते."

२

एकटे. आठवडाभर हाच शब्द धाकटीच्या डोक्यात घोळत होता, आणि आठवडाभर तो कोणीही उच्चारला नव्हता. ती त्या संध्याकाळी दुसऱ्या शहरात, कामावर, बंद खोलीत. फोन बाहेर कपाटात. निरोप मिळाला तेव्हा सगळं संपून गेलं होतं. 'ते गेले तेव्हा जवळ कोण होतं?' एवढंच तिला हवं होतं. दादा नुकताच उठून बाहेर आला होता एवढं कळलं; पुढचं ज्याला विचारावं तो म्हणे, "शांतपणे गेले." अरे, पण शांतपणे कोणासमोर?

दादा जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसला होता.

"मावशींची तक्रार केलीस?"

"केली. मग काय आरती ओवाळू?" त्यानं मान वर केली नाही. "मी होतो बाबांजवळ. चिमणीचं गाणं आम्ही दोघांनी मिळून बघितलं. गाणं संपलं, ते म्हणाले डोळा लागतोय, म्हणून मी बाहेर आलो. पुढचं काम मावशींचं. आणि या बाईसाहेब खाली बाजारात!"

चिमणी म्हणजे दादाची मुलगी. तीन महिन्यांपासून संगीताच्या निवासी शाळेत. तिथे मुलींजवळ फोन नाही, आठवड्यातून एकदा कार्यालयातून दोन शब्द. त्या संध्याकाळी शाळांच्या समूहगानाची स्पर्धा थेट दाखवत होते, आणि चिमणी त्यात होती.

"कशी दिसत होती रे?"

दादाचा चेहरा पहिल्यांदाच सैल झाला. "अगं, डावीकडून पहिली. अगदी टोकाला. गाल कसे वर आलेत! हॉस्टेलचं मानवलंय तिला. गळ्यात निळा रुमाल, आणि दुसरं कडवं सुरू होताना टाळी चुकली. चुकली ती चुकली, वर हसली."

"बाबांना दिसली?"

"न दिसायला काय झालं?"

"आणि टीव्हीचं सेटिंग तू बदललंस?"

"कसलं सेटिंग?"

"बाबांच्या टीव्हीचं. चित्राच्या आकाराचं."

"तुझं आपलं काहीतरीच! इथे माणूस गेलंय आणि हिला चित्राचा आकार." त्यानं लॅपटॉप फटकन मिटला. "मी त्या डबड्याला बोटसुद्धा लावलं नाही. चित्र येत होतं, आम्ही बघितलं. झालं?"

झालं नव्हतं. बाबांच्या टीव्हीवर बाजू छाटलेल्या असत्या, तर रांगेच्या टोकाला उभी असलेली मुलगी दिसली नसती. आणि चित्र दाबलेलं असतं, तर तिचे गाल वर आलेले दिसले नसते. दादा जे सांगत होता ते चित्र त्या खोलीत कधी उमटलंच नव्हतं.

३

मावशी जिन्याच्या पायरीवर बसून होत्या. धाकटी त्यांच्या शेजारी टेकली.

"खरं सांगा मावशी. का गेलात?"

"आजोबांनीच पाठवलं. मलम आण म्हणाले, पाठ चोळायचं. म्हटलं, वहिनींना सांगून जाते. तर म्हणाले, कोणाला सांगायची गरज नाही, आत्ता जा. असे डोळे वटारले!" मावशींनी डोळे वटारून दाखवले आणि मग एकदम त्यांचा आवाज फाटला. "कोण विश्वास ठेवणार? मेलेल्या माणसाची साक्ष कशी काढू मी?"

"तुम्ही निघालात तेव्हा टीव्ही नीट चालू होता?"

"चालू होता, पण आजोबा वैतागले होते. आधी सगळ्या शाळांच्या पोरी स्टेजवर उभ्या केल्या. आपली चिमणी कडेला, ती दिसेचना. 'टोकाची माणसं कापतो हा मेला,' म्हणाले. मी म्हटलं, आजोबा, मान तिरकी करून दिसतंय का बघा." त्या ओलं हसल्या. "केली हो त्यांनी मान तिरकी."

"आणि मग?"

"मग मी खाली. दुकानात टीव्ही होता, आपल्या चिमणीचं गाणं लागलं, म्हणून थांबले. गाणं होईस्तोवर थांबले, ते खोटं नाही बोलणार. पण तिथेही ती दिसली नाही. बाकीच्या पोरी काय गुटगुटीत एकेक! गरगरीत, ढब्बू. कडेच्या दोघी-तिघी नव्हत्याच मुळी."

दुकान कोपऱ्यावरच होतं. औषधवाल्याच्या डोक्यावर लांबट पडद्याचा नवा टीव्ही, आणि त्यावर एक नट एखाद्या पिंपासारखा आडवा पसरून नाचत होता. धाकटीला बघताक्षणी कळलं. केबलच्या डब्याला अजूनही वाटतंय की समोर जुना चौकोनी टीव्ही आहे, म्हणून तो चित्राच्या कडा छाटून पाठवतोय, आणि हा नवा टीव्ही ते छाटलेलं चित्र ताणून पडदा भरतोय.

"हे चित्र असं किती दिवस आहे?" तिनं विचारलं.

"असं म्हणजे कसं?"

"माणसं जाडी दिसतायत."

औषधवाल्यानं वर बघितलं, खाली बघितलं. "सिनेमातले लोक खातेपितेच असतात, मॅडम. टीव्ही घेतला तेव्हापासून असंच आहे. का, काही बिघडलंय?"

"नाही. काही नाही." दात आवळून तिनं तो विषय गिळला. "आमच्या मावशी त्या संध्याकाळी मलम घ्यायला आल्या होत्या?"

"आल्या होत्या. गाणं बघत उभ्या होत्या. 'आमची कुठाय, आमची कुठाय' म्हणून दोनदा माझ्या काउंटरवर चढल्या असत्या."

मावशी खरं बोलत होत्या. घरी येऊन धाकटीनं बाबांच्या उशाशी असलेला खण उघडला. आत मलमाची नळी होती, तेच मलम, सील न फोडलेलं. मावशींनी आणलेली दुसरी नळी टेबलावर पिशवीतच पडून होती.

म्हणजे मलमाची गरजच नव्हती. बाबांना मावशी खोलीबाहेर हव्या होत्या, आणि ही गोष्ट कोणाला कळायला नको होती.

४

वहिनी स्वयंपाकघरात खिडकीशी फ्रॉक घेऊन बसली होती. शनिवारी चिमणी सुट्टीवर येणार होती, तिच्यासाठी जुन्या मापानं शिवलेला नवा फ्रॉक. वहिनी त्याच्या दोन्ही कुशींत टिपा घालून तो आत घेत होती. तिच्या डोक्यावर, भिंतीला, बाबांच्या घंटेचा डबा लावलेला होता. बाबांनी खोलीत बटण दाबलं की तो इथे किणकिणायचा. हॉलमध्ये मोठा टीव्ही चालू असला की तिथे काही म्हणजे काही ऐकू येत नसे.

वहिनी आणि बाबा यांच्यात तीन वर्षं अबोला होता. हॉलमध्ये नवा टीव्ही आला तेव्हा वहिनी बाबांच्या टीव्हीकडे बघून म्हणाली होती, "आता ही अडगळ काढून टाकू." बाबांना वाटलं, अडगळ म्हणजे आपण. वाटलं ते वाटलं. त्यानंतर सगळे निरोप मावशींमार्फत. "सुनेला म्हणावं, चहात साखर आहे, चहा नाही." "सासऱ्यांना सांगा, डॉक्टरांनी साखर सांगितली नाही, चहा सांगितला नाही, गप्प बसायला सांगितलंय." मावशी बिचाऱ्या दोन्ही निरोप गाळून, पाणी घालून पोचवत. वहिनी बाबांच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत ताट आणून ठेवी. आत पाऊल टाकत नसे. त्या खोलीत कोण गेलं असेल याची शंका घ्यायची, तर ती सगळ्यात शेवटी तिची घ्यावी, अशी तिची जागा ठरून गेली होती.

"वहिनी, त्या संध्याकाळी तू कुठे होतीस?"

"इथेच. मी कुठे असणार, वन्सं?" तिनं दोरा दातानं तोडला.

"गाणं बघितलं नाहीस? चिमणीचं?"

"हे बघत होते हॉलमध्ये." मग घाईनं, "म्हणजे आधी हॉलमध्ये, मग बाबांच्या खोलीत. मी नाही बघितलं. गॅसवर भाजी होती."

धाकटीनं फ्रॉक हातात घेतला. दोन्हीकडून चांगलं बोटभर कापड आत गेलं होतं.

"एवढा आत का घेतेस? वाढतं अंग आहे तिचं."

"वाढतं अंग!" वहिनी उसळली. "वाळून काडी झालीय पोर. काय खायला घालतात त्या शाळेत देव जाणे. आणि एक आपलीच नाही, सगळ्याच पोरी तशा. हाडं नुसती. मी वॉर्डनबाईंना फोन केला, तर म्हणतात वजन वाढलंय. तोंडावर खोटं बोलतात! ती घरी आली की आधी दूध चालू करणार आहे मी, सकाळ-संध्याकाळ."

"तुला कोणी सांगितलं, वाळलीय म्हणून?"

सुई थांबली.

"यांनी," वहिनी म्हणाली. "हेच म्हणाले."

आणि तासाभरापूर्वीच, याच घरात, 'हे' म्हणाले होते की पोरीचे गाल वर आलेत.

५

दुपारी चार वाजता ती स्पर्धा पुन्हा दाखवणार होते. धाकटीनं हॉलमधला मोठा टीव्ही लावला, आणि बाबांच्या खोलीतलाही. दोन्हीकडे तेच गाणं, तोच क्षण. ती हॉलमधून खोलीत, खोलीतून हॉलमध्ये येरझाऱ्या घालत राहिली. दादा दारातून बघून, कपाळाला हात लावून निघून गेला.

हॉलमध्ये: मुलींची पूर्ण रांग, जशी होती तशी. डाव्या टोकाला निळ्या रुमालातली चिमणी, गाल वर आलेली, टाळी चुकून हसणारी. तंतोतंत दादाचं चित्र.

बाबांच्या खोलीत: तीच पूर्ण रांग, तीच टाळी, तेच हसू. पण सगळ्या मुली दोन्हीकडून दाबलेल्या, मान लांब, खांदे नाहीसे, हात म्हणजे काड्या. चिमणी तर नुसती फुंकर मारली तर उडेल अशी. वहिनीचं चित्र.

केबलमधून तिघांनाही एकच चित्र आलं होतं. वाहिनीनं कोणाला जाड मुलगी पाठवली नव्हती की कोणाला बारीक. ज्यानं ज्या पडद्यासमोर बसून बघितलं, तेवढा तो पडदा त्याच्या डोळ्यांत शिल्लक राहिला. धाकटीला हसायला येईना आणि रडायलाही येईना. इतकी वर्षं ती या घरात बोंबलत होती की चित्र चुकीचं लावलंय, आणि कोणी ऐकत नव्हतं. कोणीतरी एकानं ऐकलं असतं, तर आज तिला काहीच कळलं नसतं.

ती स्वयंपाकघरात गेली आणि दार लोटून घेतलं.

"वहिनी, मी बोलते, तू फक्त ऐक. चुकलं तर सांग. बाबांना चिमणी दिसत नव्हती, कारण त्यांचा टीव्ही कडा छाटत होता. दादाला हाक मारून उपयोग नव्हता, हॉलमध्ये आवाज मोठा. मावशींना त्यातलं काही कळत नाही. घंटा वाजवली तर ती वाजते इथे, तुझ्या डोक्यावर. पण मावशी घरात असत्या तर मावशीच धावल्या असत्या, आणि तू उंबऱ्यापाशी थांबली असतीस. म्हणून त्यांनी मावशींना खाली पिटाळलं, नको असलेलं मलम आणायला. आणि मग घंटा वाजवली. आता मात्र तुलाच आत जाणं भाग होतं. तू गेलीस. रिमोट घेऊन दाबादाबी केलीस, चिमणी दिसेपर्यंत. दिसली, पण वाळलेली. या घरात वाळलेली चिमणी फक्त एकाच पडद्यावर दिसते."

वहिनीनं फ्रॉकची घडी केली. मग ती उलगडली आणि पुन्हा केली.

"बारीक नाही झाली ना ती?" तिनं विचारलं.

"नाही. चांगली गुबगुबीत आहे. टिपा उसव."

वहिनी रडली नाही. तिनं नुसता हात गुडघ्यावर पालथा ठेवला. "हा हात धरला होता त्यांनी. डाव्या हातानं. गाणं संपलं, मी म्हटलं, बाबा, संपलं. हात तसाच. मला वाटलं डोळा लागला. मग कळलं." तिनं फ्रॉक मांडीवर ओढून घेतला. "यांना सांगायला बाहेर आले, तर हे हॉलमध्ये उभे राहून फोनवर सगळ्यांना सांगतायत, बघितली का आमची पोर! मला शब्दच फुटेना. तेवढ्यात मावशी आल्या, सरळ आत गेल्या, ओरडल्या."

"आणि दादा?"

"डॉक्टरांनी विचारलं, जवळ कोण होतं? हे म्हणाले, मी होतो, आत्ताच उठलो. मी बघत राहिले. त्यांचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही, वन्सं. मुलगा भिंतीपलीकडे आणि बाप गेला. म्हटलं, घ्या. एवढं तरी त्यांच्याकडे राहू दे. सुनेचं काय, सून होती काय, नव्हती काय."

"आणि मावशी?"

"आज सकाळी फोन केल्यावर कळलं मला. तेव्हापासून या फ्रॉकला टिपा घालतेय." तिनं धाकटीचं मनगट धरलं. "मावशींचं काहीतरी करा. पण यांना सांगू नका. हात जोडते."

"बाबा काय बोलले तुझ्याशी?"

"ते नाही सांगणार," वहिनी म्हणाली.

धाकटी चिडली. कोणावर चिडावं हेही तिला कळेना. आठवडाभर जे हवं होतं ते हातात आलं होतं, बाबा एकटे नव्हते, आणि ते मोठ्यानं म्हणायची सोय नव्हती. मावशींना वाचवावं तर दादाकडचं एकमेव सुख काढून घ्यायचं, आणि दादाला जपावं तर मावशींचं नाव कायमचं काळं.

दारावरची बेल वाजली. ब्युरोच्या बाई वेळेआधीच आल्या होत्या.

६

ब्युरोच्या बाई नीटस, कमी बोलणाऱ्या. पेन काढून त्या सोफ्यावर टेकल्या. मावशी भिंतीला पाठ लावून, पिशवी छातीशी धरून उभ्या. कोपऱ्यातल्या मोठ्या टीव्हीवर बक्षीससमारंभ सुरू झाला होता, आवाज बंद.

"मला एकाच गोष्टीचं उत्तर हवंय," बाई म्हणाल्या. "पेशंट गेला तेव्हा एकटा होता का? एकटा असेल, तर आम्ही यांना पुन्हा कुठे पाठवणार नाही."

"मी गाणं संपेपर्यंत..." दादानं सुरुवात केली.

"दादा, एक मिनिट आत ये."

"आत्ता?"

"आत्ता. बाबांच्या खोलीत."

तो धुसफुसत आला. धाकटीनं दार लावलं. बाबांच्या टीव्हीवर विजेत्या शाळेच्या मुलींना पुन्हा स्टेजवर बोलावलं होतं. काड्यांची एक रांग हात हलवत होती. टोकाला निळा रुमाल.

दादा पुढे वाकला. "हे काय? हिला काय झालं?"

"काही झालं नाही. या टीव्हीवर ती अशी दिसते. त्या संध्याकाळी अशीच दिसत होती. त्याआधी इथे ती दिसतच नव्हती." धाकटीनं आवाज खाली ठेवला. "तू गाल बघितलेस, दादा."

दादा पडद्याकडे बघत राहिला. मुली रांगेतून खाली उतरल्या, कोणीतरी भाषण करू लागलं, तरी तो बघतच होता. मग पलंगावर बसला, बाबा बसत त्या जागेच्या थोडा अलीकडे.

"मला वाटलं, गाणं झालं की जाऊन सांगू त्यांना, कशी गायली ते," तो म्हणाला. "मोठ्या टीव्हीवर जास्त चांगलं दिसतं म्हणून तिथे बसलो. भिंतीपलीकडे होतो गं मी! डॉक्टरांनी विचारलं आणि तोंडातून निघून गेलं. नंतर सगळे येऊन पाठीवर हात ठेवायला लागले, म्हणाले, नशीबवान आहेस, शेवटी जवळ होतास. आता ते मागे कसं घेऊ?"

"त्यापायी मावशींची नोकरी आणि नाव, दोन्ही जाणार आहे, दादा."

"कळतंय मला." त्यानं तळहातांनी तोंड पुसलं. "म्हणजे एकटेच गेले ना ते? तेच खरं ना?"

उत्तर धाकटीच्या ओठांवर आलं होतं. पण ते तिचं नव्हतं. जिचं होतं तिनं हात जोडले होते. धाकटीनं दार उघडलं.

दादा हॉलमध्ये गेला आणि उभाच राहिला. "तक्रार मागे घेतो मी," तो ब्युरोच्या बाईंना म्हणाला. "या म्हणतात तसं माझ्या वडिलांनीच यांना खाली पाठवलं असणार, यांना कधी खोटं बोललेलं बघितलं नाही मी. आणि मी आत नव्हतो. आधी सांगितलं ते खरं नव्हतं. मी इथे होतो, या सोफ्यावर."

मावशींच्या हातातली पिशवी खाली आली.

बाईंनी पेन उचललं. "ठीक आहे. तुमचा प्रामाणिकपणा पोचला. पण मला माझ्या प्रश्नाचं उत्तर अजून मिळालं नाही. तुम्ही नव्हता, या नव्हत्या. म्हणजे पेशंट एकटाच होता, असं धरू?"

दादानं मान खाली घातली.

"नाही," स्वयंपाकघराच्या दारातून वहिनी म्हणाली. "मी होते."

दादानं वळून बघितलं. "तू? तू कशी असशील? तू तर त्या खोलीत..."

"घंटा वाजवली त्यांनी. गेले." ती पुढे आली, पण बसली नाही. "शेवटपर्यंत होते. हात धरून."

"तुझा?"

"माझा."

दादाला ते झेपेना. तो एकदा बायकोच्या तोंडाकडे, एकदा हाताकडे बघत राहिला. "बोलले?" त्यानं विचारलं. "तुझ्याशी बोलले ते?"

वहिनीनं धाकटीकडे नजर टाकली. मग ती नवऱ्याकडे वळली.

"मी उंबऱ्यावरच थांबले होते सवयीनं. तर म्हणाले, 'आत ये. बस.'" तिनं पदराला हात पुसले. "मावशींना नाही, मला. तीन वर्षांनी. 'बस' म्हणाले. मग म्हणाले, 'तुझी पोर कुठे लपलीय ती मला काढून दाखव.'"

ब्युरोच्या बाईंनी पेन मिटलं आणि मावशींना डोळ्यांनी खूण केली. दोघी हलक्या पावलांनी दाराबाहेर गेल्या.

दादा सोफ्यावर बसला. त्यानं शेजारची उशी उचलून जागा केली. "परत सांग," तो म्हणाला. "पहिल्यापासून. घंटा वाजली तिथपासून."

वहिनी बसली आणि सांगू लागली. रिमोटवरची बटणं कशी चुकत गेली, पडदा मध्येच कसा काळा झाला, बाबा कसे ओरडले आणि ओरडता ओरडता कसे हसले, ते सगळं तिनं सांगितलं. धाकटी दाराशी टेकून ऐकत राहिली. आठवडाभरात पहिल्यांदाच तिनं कोणाला काही विचारलं नाही.